पडद्याच्या अलीकडं

आमच्या घरात पहिला चष्मा आला तो आबांचा. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी आयुष्यभर मेंढरं राखली, आमच्या पाली गावाच्या वरच्या डोंगरातली एकेक घळ त्यांना पाठ होती, आणि एका उन्हाळ्यात आपलं मेंढरू कोणतं नि शेजाऱ्याचं कोणतं हेच त्यांना ओळखू येईना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. बीडच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. तेव्हाची रीत अशी होती, की डोळ्यातलं पांढरं पडलेलं भिंग काढून टाकायचे, पण त्याच्या जागी आत बसवायला काही नसायचं. आतून काढलेल्याची भरपाई बाहेरून, नाकावर करायची. आबांना मधे फुगलेल्या जाड काचांचा चष्मा मिळाला. त्यातून त्यांचे डोळे बैलाच्या डोळ्यांएवढे दिसत. आणि त्यांना सगळं जग तसंच, आहे त्याहून मोठं आणि आहे त्याहून जवळ. तांब्यात पाणी ओतायला गेले की धार तांब्याच्या अलीकडं भुईवर पडायची. उंबरा ओलांडताना ते पाय गुडघ्याइतका उचलायचे. त्या काचांची कड फार वाईट होती. बाजूनं चालत येणारं माणूस त्या कडेला आलं की नाहीसं व्हायचं आणि एकदम नाकासमोर उगवायचं. माय भाकरी घेऊन बाजूनं आली की आबा दचकून ताटच हलवायचे. "आगं, खाकरून तरी येत जा," म्हणायचे. मायला खाकरायची लाज वाटायची, म्हणून ती बांगड्या वाजवत यायला लागली. त्यानंतर आमच्या घरात बांगड्यांचा आवाज कधी थांबला नाही.

यंदा माझ्याही डोळ्याचं तेच ऑपरेशन झालं. सकाळी गेले, आत नखापेक्षा लहान भिंग बसवलं, आणि संध्याकाळी घरी येऊन वरणभात जेवले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, आता कसं दिसतंय?" मला बोलता येईना. त्यांना वाटलं, आनंदानं. मला आक्का आठवत होती.

आक्का माझी थोरली बहीण. नाव इंदू, पण मी तिला नावानं कधी हाक मारली नाही. आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला, दोन खणांचं, पुढं मेंढरांचा वाडगा. पहाटे जाग यायची ती कोकरांच्या ओरडण्यानं, आणि धरण भरलेलं असलं की त्या ओरडण्याच्या मागं सांडव्याचा आवाज, दिवसरात्र, कुणी लांब बसून जातं ओढतंय असा. बिंदुसरेच्या धरणाचं पाणी घरातून दिसायचं. म्हणजे मला दिसायचं. आक्काला दिसत नव्हतं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. ती लोकर कातायची ती धागा नाकाशी धरून, माय म्हणायची हिला वाकायची खोड आहे. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं तर ती न बोलता पुढं जायची, लोक म्हणायचे पोरगी गर्विष्ठ आहे. शाळेत फळा दिसायचा नाही, मास्तर म्हणायचे डोकं नाही. चौथीतच तिची शाळा सुटली आणि ती चुलीजवळ आली. तिथं ती सगळ्यांत हुशार होती. बाजरीची भाकरी अशी थापायची की टम्म फुगून तव्यावर फिरायची, आणि भाजलेल्या धान्याच्या येसराची आमटी अशी करायची की नुसत्या वासानं दोन घरं पलीकडची माणसं जेवायच्या वेळेला आमच्याकडं येऊन बोलत बसायची.

आबांची पट्टी बदलायला आक्का त्यांच्याबरोबर बीडला जायची. तिथल्या डॉक्टरांनी तिला औषधाची बाटली नाकाला लावून बघताना पाहिलं आणि समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. आक्का म्हणाली, "कुटं हायती अक्षरं?" डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एकामागून एक काचा तिच्या डोळ्यांपुढं धरल्या.

तिचा चष्मा आबांच्या बरोबर उलटा. काचा मधे पातळ, कडेला जाड. त्यातून तिचे डोळे बारीक दिसायचे, खोल गेल्यासारखे. तो लावून ती बीडहून आली त्या दिवशी मी फाट्यावर गेले होते. एसटीतून उतरली आणि रस्त्याच्या कडेच्या लिंबाखाली उभी राहून वर बघत राहिली. मला म्हणाली, "मंदे, झाडाची पानं लांबनंबी सुटी सुटी दिसत्यात व्हय गं?"

"मग? कशी दिसनार?"

"मला वाटायचं, जवळ गेल्याबिगर झाडाला पानंच नसत्यात."

घरी येईपर्यंत ती दहादा थांबली. धरणावर उन्हाची चमक होती, ती बघितली. डोंगरावर आबांची मेंढरं होती, ती तिनं बोटानं दाखवली. त्या दिवसापर्यंत तिच्या लेखी मेंढरं म्हणजे डोंगरावरचा एक पांढुरका डाग होता, जो आवाज करायचा. घरात आल्यावर तिनं मायचं तोंड लांबून बघितलं. माय तिला म्हणाली, "काय बगायलीस?" आक्का म्हणाली, "तू थकलीस गं माय." मायनं पदर ओढून तोंड फिरवलं. ते चार-सहा महिने आक्का फार हसायची. आता मला वाटतं, आमच्या घरातला तेवढाच काळ उजेडाचा.

कारण त्यानंतर तिच्या लग्नाचं बोलणं निघालं. मुलगा माजलगावच्या बाजूचा, धरणाखालचं बागायत, उसाचं रान. आमच्यासारख्या कोरड्या डोंगरातल्या माणसांना ते स्थळ म्हणजे चालून आलेलं नशीब. पाहुणे बघायला यायच्या आदल्या दिवशीच मायनं चष्मा आक्काच्या नाकावरून काढला आणि पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत घातला.

आबा म्हणाले, "दडवू नगं. उद्या कळंलच की."

"कळंल तवा कळंल. चष्मेवाली पोरगी कोन करतंय? आंधळी म्हनून नाव पडंल. मग ही घरात बसंल, आन् तिच्या मागं ही दुसरीबी." हे माझ्याकडं बघून. आबा घरात हरायचे ते असंच, चष्मा काढून पुसत.

पाहुणे आले. आमच्या माजघरात सतरंजीवर बसले. आक्का हिरवं लुगडं नेसून, चहाचा ट्रे धरून आली. ती अडखळू नये म्हणून मी तिच्या पुढं दोन पावलं चालत होते, माझ्या पाठीवरची लाल रिबीन बघत ती येत होती. पाहुण्यांतल्या एका म्हातारीनं डाळीचं सूप पुढं ढकललं आणि म्हणाली, "बाळ, निवडून दाव." आक्कानं क्षणात खडे वेगळे काढले. म्हातारीनं सुईदोरा दिला. आक्कानं पहिल्या झटक्यात ओवला. जवळचं तिला आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं दिसायचं, तो त्या डोळ्यांचा गुणच. म्हातारी खूश झाली. "पोरीची नजर लई तेज हाय," म्हणाली. मायनं सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला.

पाहुणे गेल्यावर आक्का मला वाडग्यामागं घेऊन गेली. "मंदे, कसा हाय गं त्यो?"

"तुज्या समोरच बसलाता की."

"मला नुसता पांढरा सदरा दिसला."

मी तिला सांगितलं, की मिशी कोवळी आहे, कान थोडे मोठे आहेत, आणि चहा पिताना तो बशीवर फुंकर घालत नव्हता, गरमच पीत होता. ती हसली. म्हणाली, "मंग रागीट नसंल." तिनं नवऱ्याचं तोंड नीट बघितलं ते लग्नानंतर, वितीच्या अंतरावरून. दाजींचं तिला कौतुक होतं. ते खरंच रागीट नव्हते. घरात त्यांचं चालायचं नाही, एवढंच.

लग्नात माय तिच्या कानाशी लागली आणि म्हणाली, "चष्म्याचं नाव काढू नगं. माज्या गळ्याची आन." आक्कानं मान हलवली.

पंचमीला आबा तिला आणायला गेले तेव्हा मी बरोबर होते. उसाच्या मधून पायवाट, पाटाचं पाणी वाहत होतं, सगळीकडं ओलसर गोड वास. आमच्याकडच्या डोळ्याला ते हिरवं सोसायचं नाही. आक्का अंगणात भांडी घासत होती. आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत तिनं ओळखलं नाही. आबा खोकले तेव्हा तिचं तोंड उजळलं. दिवसभर मी बघत होते. ती माणसं चपलेच्या आवाजावरून ओळखायची, म्हशी घंटेवरून. सासू लांबून काही दाखवून बोलली, की आधी "व्हय" म्हणायची आणि मग हळूच जवळ जाऊन ते काय आहे ते बघायची. सासूचं मत झालं होतं की सून ऐदी आहे, आणि मान वर करून बघत नाही म्हणजे पोटात काहीतरी काळंबेरं आहे.

आबांनी तिला एकटं गाठून कोपरीच्या खिशातून चष्मा काढला. त्यांनी तो मायला न विचारता पेटीतून आणला होता. "घे. मी बोलतो तुज्या सासऱ्याला."

आक्कानं तो हातात घेतला, काचांवरून अंगठा फिरवला आणि परत त्यांच्या खिशात घातला. "आता न्हाई आबा. आता लावला तर म्हनतील, आदी कावून लावला न्हाई. मग मायवर येतंय."

तो चष्मा आमच्या घरी परत आला. पेटीत न जाता कोनाड्यात, आबांच्या तंबाखूच्या डबीशेजारी राहिला.

त्या हिवाळ्यात शाळेत भिंगांचा धडा आला. आमच्या शाळेत विज्ञानाला नुकत्याच एक बाई आल्या होत्या, तरुण, बीडहून जाऊन-येऊन करायच्या. शाळेत भिंग एकच होतं आणि ते फुटलं होतं. बाई म्हणाल्या, घरात कुणाचे चष्मे असतील तर तासाभरासाठी आणा. मी दोन्ही चष्मे आणले. आबांना चष्म्याशिवाय घरी ठेवणं बरं दिसेना, म्हणून तेही हात धरून आले आणि वर्गाच्या दाराशी ओट्यावर बसले. बाईंनी खिडक्या लावल्या, एकच उघडी ठेवली, आणि आबांची काच समोरच्या भिंतीपासून मूठभर अंतरावर धरली. भिंतीवर उजेडाचा एक ठिपका हलला, आकसला, आणि त्यात खिडकीबाहेरचा लिंब उगवला. एवढासा, खाली डोकं वर पाय, पण हिरवा रंग, निळं आभाळ, सगळं खरं. फांद्या वाऱ्यानं हलत होत्या त्याही उलट्याच. वर्गातून "आईऽऽ" असा आवाज निघाला. आबा दारातून म्हणाले, "काय झालं गं मंदे?"

"आबा, तुमच्या चष्म्यानं भिंतीवर उलटं झाड पाडलंय!"

ते तिकडं तोंड करून हसले. चष्मा बाईंच्या हातात होता. त्यांना ना झाड दिसत होतं ना भिंत.

बाई म्हणाल्या, ही काच किरणांना गोळा करते. लांबून आलेले किरण ती एका जागी आणून मिळवते, म्हणून चित्र पडद्यावर धरता येतं. मग आक्काचा चष्मा घेतला. भिंतीजवळ धरला, लांब नेला, परत जवळ आणला. काचेची नुसती करडी सावली पडली आणि तिच्या कडेला उजेडाचं कडं. चित्र नाही. मागून एक पोरगा म्हणाला, "बाई, ह्यो नापास हाय." पोरं हसली. मला रडू आलं, का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

बाईंनी मला पुढं बोलावलं. "हिच्यातून बघ. झाड कसं दिसतं?"

"बारीक. पण सुलटं. आन् खिडकीच्या जवळ सरकल्यागत."

"ही काच किरणांना पसरवते. पसरलेले किरण एकत्र येतच नाहीत, म्हणून भिंतीवर काही धरता येत नाही. पण म्हणून ती नापास नाही." आणि त्यांनी फळ्यावर डोळा काढला, आडवा कापलेला. पुढं एक भिंग, मागं एक पडदा. जे समोर आहे त्याचं चित्र त्या पडद्यावर पडतं, उलटंच, आणि मेंदू ते सुलटं समजून घेतो. आबांच्या डोळ्यातलं भिंग काढलेलं, म्हणून गोळा करणारी काच बाहेरून लावली. "आणि हा ज्यांचा आहे," आक्काचा चष्मा वर धरून बाई म्हणाल्या, "त्यांचा डोळा थोडा लांबट असतो. लांबच्या गोष्टीचं चित्र पडद्यावर पोचायच्या आधीच तयार होतं, पडद्याच्या अलीकडं. पडद्यावर जातं ते नुसतं धुकं. ही काच किरणांना जरा फाकवते, आणि चित्र मागं सरकून नेमकं पडद्यावर बसतं."

मी त्या दिवशी घरी येताना आबांचा हात धरून सगळं परत सांगितलं. आक्का ऐदी नाही, गर्विष्ठ नाही, मठ्ठ नाही. बोटभरसुद्धा नाही, केसभर अंतराचा प्रश्न आहे. आबा म्हणाले, "हे तिच्या सासूला कोन सांगनार?" पुढं चाळीस वर्षं मी हा धडा शिकवला, आणि दर वेळी फळ्यावर तो डोळा काढताना माझा हात पडद्यापाशी थांबायचा. पोरींना वाटायचं, बाई विसरल्या.

माघाच्या सुमाराला निरोप आला, की इंदूला बाहेरचं झालंय, घेऊन जा. आबा जाऊन तिला घेऊन आले. एसटीतून ती उतरली ती डाव्या हातानं उजवा डोळा झाकून. रात्री माझ्याशेजारी निजल्यावर तिनं सांगितलं. आधी डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकायची, डोळे मिटले तरी. मग काळ्या माशा उडायला लागल्या, हातानं हाकलल्या तरी जाईनात. घरात म्हणाले, उसात कुठंतरी पाय पडलाय. देवऋष्याकडं नेलं, त्यानं अंगारा लावला. मग एके सकाळी खालून काळा पडदा वर यायला लागला, पाटाला पाणी सोडल्यावर वाफा भरतो तसा. दाजींनी हट्टानं तिला तिथल्याच एका डॉक्टरकडं नेलं. सासू बरोबर होती.

"डाक्टरनं इचारलं, आदी कधी चष्मा हुता का?" आक्का म्हणाली.

"मग?"

"म्या न्हाई म्हनलं."

तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग म्हणाली, "सासू बगायली हुती माज्याकडं. आन् मायनं आन घातलीती." डॉक्टरनं थेंब दिले. थेंब घालत दिवस गेले.

बीडच्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि तिथूनच औरंगाबादला पाठवलं. मी हट्ट करून बरोबर गेले, कारण माझी खात्री होती की मला यातलं कळतं. तिथले डॉक्टर वयस्कर होते, डोक्याला दिवा बांधून खूप वेळ आत बघत राहिले. मग आबांना म्हणाले, "पडदा सुटलाय. उशीर झाला. ऑपरेशन करून बघू, पण आशा धरू नका."

मी म्हणाले, "डाक्टर, नंबर वाढवून न्हाई का चालनार? तिचं चित्र पडद्याच्या अलीकडं पडतंय. अजून जाड काच दिली तर मागं सरकंल."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "कितवीत आहेस?"

"नववी."

"बरोबर शिकलीस. पण भिंगाचं काम पडद्यापर्यंत नेऊन पोचवायचं. पडदाच जागेवर नाही बाळ. चित्र पडणार कशावर?"

बाहेर बाकावर आक्का बसली होती. आबा तिच्याशेजारी बसले, आपला जाड चष्मा काढला आणि तिच्या डोळ्यांवर चढवला. "बग बरं. ह्यानं मला आंधळ्याला दिसायलंय. बग, दिसतंय का?" चष्म्याच्या मागं आक्काचे डोळे केवढाले झाले होते, दोन्ही पाण्यानं भरलेले. तिला त्यातून चांगल्या डोळ्यानंही नुसता ढग दिसत असणार, तो तिच्या डोळ्याच्या अगदी उलटा चष्मा. ती म्हणाली, "व्हय आबा. जरा जरा दिसतंय." आबांनी तिच्याकडं तोंड करून मान हलवली. चष्म्याविना त्यांना तिचं तोंड दिसत नव्हतं, तरी ती खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं.

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून तिला निजवून ठेवलं. पट्ट्या निघाल्या तेव्हा उजव्या डोळ्याला उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं कळायचं. पुढच्या वर्षी डाव्या डोळ्यात वीज चमकली. या वेळी आम्ही एक दिवसही घालवला नाही, तशीच तिला घेऊन धावलो, आणि तरी तो डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, लांबट डोळ्यात पडदा ताणून पातळ होतो, काहींचा फाटतो, कुणाच्या हातात नसतं. हे त्यांनी मायसमोर सांगितलं. मायनं ऐकलं की नाही कोण जाणे. गावात लोक म्हणत होते, चष्म्यानं डोळे खाल्ले. माय फक्त आक्काला जेवू घालताना जवळ बसायची. धरणातले मासे आणले की एकेक काटा काढून तिच्या ताटात ठेवायची. आक्का म्हणायची, "माय, काटे कळत्यात मला जिभंला." माय काटे काढतच राहायची, तिचं स्वतःचं ताट गार होऊन जायचं.

दाजी दोनदा आले. वाडग्याच्या भिंतीला टेकून बसले, आक्काशी पाऊसपाण्याचं बोलले. दुसऱ्यांदा जाताना त्यांनी तिच्या हातात गुळाची ढेप दिली आणि तिचा हात धरून तसेच उभे राहिले. मग आले नाहीत. त्यांच्या घरच्यांचं म्हणणं, आंधळी पोरगी गळ्यात बांधली. चार माणसं बसली आणि काडीमोड झाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक मुलगी आपल्या मामाला घेऊन आमच्या दारात आली. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी असेल. दाजींना दिलेली होती, हळद लागायची होती. मामा ओशाळून आबांना म्हणाला, "पोरगी म्हनली, पहिलीला बगितल्याबिगर न्हाई. काय करावं?" माय पाणी न देताच आत निघून गेली. आक्का चुलीपुढं भाकऱ्या करत होती. तोवर ती सगळं हाताच्या अंदाजानं करायला शिकली होती. ती पोरगी तिच्याशेजारी उकिडवी बसली.

"आक्का, मी आले तर तुमाला चालंल का?"

आक्कानं भाकरी उलथली. "तुला इचारलं का कुनी, तुला चालंल का म्हनून?"

पोरीनं एक काटकी चुलीत सारली. जाळ फडफडत होता.

"मानूस वाईट न्हाई," आक्का म्हणाली. "पर तेच्या बोलन्यावर जाऊ नगं, तेच्या घरात आई बोलती. तुला लांबचं दिसतंय का?"

"म्हंजी?"

"लांबचं. रानातलं. दिसतंय का नीट? इतं आपनच हाव, खरं सांग."

"दिसतंय की."

"घरच्यांनी काय दडवायला सांगितलंय का?"

"न्हाई आक्का."

आक्कानं हात झाडले, चाचपून तिचा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवून बसली. मग तिला गरम भाकरी आणि दूध दिलं. ती पोरगी खाली मान घालून जेवली. निघताना आक्काच्या पाया पडली. मी त्यांना फाट्यापर्यंत पोचवून आले.

परत आले तर आक्का तिथंच, चुलीपुढं. जाळ विझला होता, तिला ते कळलं असणार, तरी ती उठली नव्हती.

"गेली?"

"गेली."

"मंदे, मला एक खरं सांग. लांबचं बगताना ती डोळे बारीक करती का?"

मी आठवून बघितलं. फाट्यावर आम्ही तिघं उन्हात उभे होतो, मांजरसुंब्याकडचा रस्ता मोकळा होता. मला नुसती वळणावरची धूळ दिसत होती आणि ती पोरगी म्हणाली होती, मामा, आली येस्टी, बीडचीच हाय.

"न्हाई," मी म्हणाले. "पाटीबी वाचली तिनं. माज्या आदी."

आक्काचे खांदे सैल झाले. "बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.